रोम वेगळं, रूम वेगळं

काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मागा. दुकानदार बरणीतून चिमूटभर दाणे कागदावर काढून देईल. फिकट पिवळे, अर्धपारदर्शक, वरून पीठ भुरभुरल्यासारखे. एक दाणा दाताखाली धरला की कुडकन फुटतो, त्याचा चुरा होतो आणि मिनिटभर चघळत राहिलं की तोच चुरा गोळा होऊन च्युइंगमसारखा चिवट होतो. चव राळेची, जराशी कडवट. एजियन समुद्रातल्या खिऑस बेटावरच्या झुडपाचा हा डिंक.

मी बरीच वर्षं समजत होतो की रुमी म्हणजे रोमची. तसं वाटणं साहजिक आहे, एका मात्रेचा तर फरक. पण खिऑसचा इटलीतल्या रोमशी इथे काही संबंध नाही. या 'रुमी'तलं रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची सत्ता, आजचं इस्तंबूल. उलट गोव्यात 'रोमी कोंकणी' म्हणतात, ती लॅटिन अक्षरांत लिहिलेली कोंकणी. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, संहिता, चर्चमधली गीतं, जुनी वर्तमानपत्रं या लिपीत आहेत. ती खरोखर इटलीतल्या रोमची. म्हणजे रोमी लिपी एका शहराची, रुमी मस्तकी दुसऱ्याची. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच नावाचे आहेत, आपल्याकडे दोन वाटांनी आले एवढंच.

पहिली वाट जुनी. 'रोमक' हे नाव संस्कृत ज्योतिषग्रंथांत येतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच सिद्धांतांचा गोषवारा दिला त्यातला एक रोमकसिद्धांत. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, सभापर्वातल्या सहदेवाच्या दिग्विजयात, अंताखी (अँटिऑक) आणि यवनांच्या पुराशेजारी 'रोमा' असा पाठ स्वीकारलेला आहे. दुसरी वाट फारसीची. जुन्या इराणी भाषेत रोमचं 'ह्रोम' झालं, अरबी-फारसीत 'रूम'. पण हे नाव मुसलमानी राजवटींबरोबर दख्खनेत पोचलं तोवर त्या नावामागचं शहर बदललेलं होतं. जुन्या मराठीत 'रूमशाम' असा जोडशब्द आहे. त्यातलं शाम म्हणजे सीरिया, आणि रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. तिथे इटली शोधू नये. (आणि आजच्या मराठीत रूम म्हणजे भाड्याची खोली, तो तिसराच घोटाळा.)

शहर बदललं म्हणजे काय झालं?

इटलीतल्या रोमची स्थापना परंपरेने इ.स.पू. ७५३ ची सांगतात. आधी राजे, मग इ.स.पू. ५०९ पासून प्रजासत्ताक, मग इ.स.पू. २७ पासून ऑगस्टसची बादशाही. भरभराटीच्या काळात वस्ती दहा लाखांच्या घरात होती असा अंदाज आहे. एवढा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. कमी ठाऊक असतं ते हे, की साम्राज्य मोठं झालं तसं त्याला स्वतःची राजधानीच गैरसोयीची होऊ लागली. सरहद्दी ऱ्हाइन, डॅन्यूब आणि युफ्रेटिसवर, बादशहा सैन्याबरोबर, रोम मात्र मध्येच राहिलेलं. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून दरबार मिलान, ट्रियर, निकोमीडिया असा फिरू लागला. रोममध्ये सेनेट होती, मान होता, फुकट धान्य होतं. बादशहा नव्हता.

इ.स. ३३० मध्ये ११ मे रोजी बादशहा कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठी आपल्या नव्या नगरीचं उद्घाटन केलं. तिथे बायझँटियन नावाचं हजारएक वर्षांचं ग्रीक गाव आधीच होतं. त्याने त्याला 'नवं रोम' ठरवलं. ही निव्वळ जाहिरात नव्हती. रोमसारखेच १४ वॉर्ड, रोमसारखी सेनेट, रोमसारखं फुकट धान्य. सात टेकड्याही मोजून काढल्या. देशोदेशींचे पुतळे आणि खांब आणून चौक सजवले. ग्रीसमधल्या डेल्फीहून आणलेला काशाचा सर्पस्तंभ, मुंडकी गेलेला, आजही इस्तंबूलच्या जुन्या रथशर्यतीच्या मैदानात उभा आहे.

शाळेत आपण पाठ केलं की ४७६ मध्ये रोमन साम्राज्य संपलं. त्या वर्षी ओडोएकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा बादशहाला हटवलं, तेही रोममध्ये नव्हे, रॅव्हेनात. मग त्याने बादशाही राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. निरोपाचा मतलब असा की इकडे वेगळा बादशहा नको, तुमचा एक पुरे. म्हणजे त्या काळच्या माणसांच्या लेखी साम्राज्य बुडालं नव्हतं, त्याचं दफ्तर एका ठिकाणी आलं होतं. पूर्वेकडची जनता ग्रीक बोलत होती आणि स्वतःला 'रोमैओई', म्हणजे रोमन, म्हणवत होती. त्यांना 'बायझंटाइन' हे नाव १५५७ च्या सुमाराला हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने रूढ केलं. तोवर ते साम्राज्य जाऊन शंभर वर्षं झाली होती. ज्यांचं नाव ठेवलं त्यांनी स्वतःच्या साम्राज्याला ते कधी लावलं नव्हतं. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ या नावात आहे. अरब आणि इराणी त्यांना रूम म्हणत होते, ते बरोबर म्हणत होते.

दोन्ही शहरं शेजारी ठेवून पाहायची असतील तर मी ५३७ साल निवडेन.

त्या वर्षी इटलीत गॉथ या जर्मानिक लोकांनी रोमला वेढा घातला होता. आत बेलिसारियस हा सेनापती होता, आणि त्याला पाठवलं होतं कॉन्स्टँटिनोपलहून बादशहा जस्टिनियनने. रूमचा सेनापती रोम राखायला आला होता. जुन्या रोमला ११ मोठे जलसेतू पाणी पुरवत. गॉथांनी ते तोडले. विहिरी होत्या, तायबर नदी होती, त्यामुळे प्यायचे हाल कसेबसे निभावले. पण जानिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्या बंद पडल्या आणि पिठाचा प्रश्न आला. बेलिसारियसने तायबरमध्ये दोन दोन होड्या शेजारी बांधल्या, त्यांवर जाती बसवली, मधे चाक सोडलं आणि नदीच्या धारेवर दळण सुरू केलं. वेढा वर्षभराने उठला. मोठ्या स्नानगृहांचं पाणी मात्र गेलं ते गेलंच. टेकड्यांवर पाणी चढेना तशी उरलेली वस्ती नदीच्या वळणाशी गोळा झाली. दहा लाखांच्या शहरात काही हजार लोक राहिले, आणि फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, पुढे गुरं चरू लागली.

त्याच वर्षी २७ डिसेंबरला कॉन्स्टँटिनोपलमध्ये हागिया सोफियाचं उद्घाटन झालं. पाच वर्षांत बांधलेली इमारत, सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाचा घुमट ४३ मीटरचा आहे, म्हणजे मोठाच. पण तो जाड गोल भिंतीवर बसला आहे. हागिया सोफियाचा घुमट चार कमानींवर, चौकोनी जागेवर, खाली खिडक्यांची माळ ठेवून तोलला आहे. हे धाडस जरा जास्तच झालं. ५५८ मध्ये तो कोसळला, मग अधिक उंच करून पुन्हा बांधला. पाण्याचा विचारही या शहराने निराळा केला. तटाबाहेरचा जलसेतू शत्रू तोडणार हे धरूनच तटाच्या आत, जमिनीखाली, टाकी खोदली. ३३६ खांबांचं बॅसिलिका टाकं आज पर्यटक तिकीट काढून बघतात. त्यातल्या दोन खांबांखाली मेड्युसा या ग्रीक पुराणातल्या राक्षसीची डोकी आहेत, एक आडवं, एक उलटं. कुठल्यातरी जुन्या इमारतीतून उचलून आणली, उंची जुळेल तशी बसवली. पाण्याखाली बघणार कोण!

जमिनीकडचा तिहेरी तट आणि पोटातलं पाणी यांच्या बळावर हे शहर आणखी नऊशे वर्षं टिकलं. मधे १२०४ मध्ये ते पडलं, तेही रोमच्या पोपला मानणाऱ्या चौथ्या धर्मयुद्धाच्या फौजेकडून. व्हेनिसवाल्यांनी नेलेले चार तांब्याचे घोडे आजही व्हेनिसला आहेत. शेवट १४५३ चा. 'तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचा मार्ग बंद झाला, म्हणून वास्को द गामा आला' हे वाक्य मराठी शाळांत इतकं घोटून घेतलं आहे की झोपेतही म्हणता येईल. ते फार सरळ आहे. मिरी बव्हंशी अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला जात होती, आणि इजिप्त तुर्कांकडे आलं ते १५१७ मध्ये, गामा कालिकतला लागल्यानंतर १९ वर्षांनी.

आणि जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदने स्वतःला काय म्हणवून घेतलं? 'कैसर-इ-रूम'. रूमचा सीझर. नाव मोडायचं नव्हतं, घ्यायचं होतं.

या टप्प्यावर रूम दख्खनेत शिरतं. तुर्की मुलखातले तोफखान्याचे जाणकार इथल्या दरबारांत नोकरीला येत, त्यांच्या नावापुढे 'रुमी' लागे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ मुळात १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा एक रुमी. वजन सुमारे ५५ टन. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती. समुद्राकडे दुसरं नाटक चालू होतं. पोर्तुगीज कागदपत्रांत ऑटोमन तुर्कांच्या सैनिकांना 'रूमेस' म्हटलेलं आहे. १५३८ मध्ये त्यांनी दीवला वेढा घातला. किल्ल्यातले पोर्तुगीज रोमन कॅथलिक, बाहेरचे रूमेस. दोन्ही बाजूंच्या नावात तेच एक शहर.

सीझरचंही तेच झालं आहे. इंग्रजीतून आला तो सीझर, फारसीतून आला तो कैसर. अभिजात लॅटिनमध्ये त्या सी-चा उच्चार 'क' होता, त्यामुळे जुन्या उच्चाराच्या जवळ आहे तो कैसरच. व्हिक्टोरिया राणीला १८७७ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तेव्हा इथल्या लोकांसाठी किताब शोधला तो 'कैसर-ए-हिंद'. लंडनच्या राणीला रूमच्या वाटेने आलेला शब्द लागला.

आज कोणाचं काय चालतं? रोमचं सरळ दिसतं. १८७० मध्ये इटलीच्या फौजा पोपच्या रोममध्ये घुसल्या, १८७१ पासून ते इटलीची राजधानी. १९२९ च्या कराराने शहराच्या पोटात ४४ हेक्टरांचं व्हॅटिकन हे स्वतंत्र राष्ट्र झालं. वसईच्या किंवा म्हापशाच्या पाद्रीसाहेबांच्या वरचे बिशप तिथून नेमले जातात. युरोपीय संघाचं मूळ असलेला १९५७ चा करार रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर झाला, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या १९९८ च्या कराराने उभं राहिलं त्यालाही रोमचंच नाव आहे. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांच्या नावांत सप्त, अष्ट, नव, दश लपलेले आहेत, कारण रोमचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं.

रूमचं तसं नाही. त्याचा वाटा बहुतेक वेळा रोमच्या खात्यावर जमा होतो. रोमन कायद्याचंच घ्या. युरोपातल्या कायद्याच्या विद्यापीठांनी बाराव्या शतकापासून जो रोमन कायदा शिकवला तो जस्टिनियनने ५२९ ते ५३४ या वर्षांत कॉन्स्टँटिनोपलमध्ये संकलित करवला होता. भाषा लॅटिन, जागा रूम. त्या परंपरेतून पुढे युरोपातल्या नागरी संहिता आल्या, त्यातली १८६७ ची पोर्तुगीज संहिता गोव्यात लागू झाली, आणि लग्नानंतर मिळकतीत नवरा-बायकोचा निम्मा निम्मा हक्क अशा तिच्या तरतुदींवर तिथली कुटुंबं आजही नोटरीकडे जाऊन सह्या करतात. गोव्याच्या कायद्याला रोमन म्हणायचंच असेल तर खुशाल म्हणा, पण धागा बॉस्फरसवरून गेलेला आहे.

१९२३ मध्ये तुर्कस्तानने राजधानी अंकाराला नेली, १९३० पासून इस्तंबूल हे अधिकृत नाव झालं, आणि तेही ग्रीकच आहे, 'शहराकडे' अशा अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. राजधानीपण गेलेल्या त्या शहरात आज दीड कोटी माणसं राहतात, राजधानी असलेल्या रोमच्या पाचपट. तिथल्या फेनेर वस्तीत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे मानाने पहिले धर्मगुरू आहेत. त्यांची अधिकृत उपाधी अजूनही 'कॉन्स्टँटिनोपल, नवं रोम, येथील आर्चबिशप' अशीच सुरू होते. त्यांचा स्थानिक कळप आता जेमतेम काही हजारांचा. अथेन्सहून आलेल्या ग्रीकाला तुर्की माणूस 'युनान' म्हणतो, आपल्या 'यवन'चा सख्खा भाऊ. पण पिढ्यान्‌पिढ्या इस्तंबूलमध्ये राहिलेल्या ग्रीक शेजाऱ्याला तो युनान म्हणत नाही. त्याला म्हणतो 'रूम'.