क्षीणता आणि पायांचा गंभीर धमनीरोग

पायांच्या धमन्या आतून चरबी आणि कॅल्शियमच्या थरांनी अरुंद होत गेल्या, की एका टप्प्यावर निजल्या जागीही पाऊल ठणकू लागते, जखम भरत नाही, बोट काळे पडते. हा धमनीरोगाचा गंभीर टप्पा. यावर उपचार झाले नाहीत तर पाय आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. मात्र कोणाचे पुढे काय होईल, हे धमनी किती बंद आहे एवढ्यावरच ठरत नाही. रुग्ण किती क्षीण झाला आहे, हेही तितकेच पाहावे लागते.

क्षीणता म्हणजे शरीराची राखीव ताकद संपत येणे. घरची माणसे ‘आजी आता थकल्या’ म्हणतात, तेव्हा बहुधा हेच सांगत असतात. वय ही वेगळी गोष्ट आहे. ऐंशीतला माणूस बागेत शिंपणे करत असेल तर तो क्षीण नाही. साठीतला मधुमेही क्षीण असू शकतो. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक खुणा असल्यास क्षीणता, एक-दोन असल्यास तिची पूर्वावस्था.

हे दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात. रक्त कमी पोहोचले की पायाचे स्नायू झडतात, चालणे घटते, आणि बसून राहिल्याने उरलेले स्नायूही जातात. कोकणात हे पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या चढणीच्या वाटेवर, आधी दिसायला हवे. उतारावरच्या वाडीतून रस्त्यावर येताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागणे, ही रोगाची ओळखीची खूण. पण क्षीण माणूस पाखाडी चढणेच सोडतो. बाजार शेजारी आणून देतात, तो पडवीत बसतो, आणि चालणेच नसल्याने दुखतही नाही. मुंबईकर मुलगा गणपतीला येतो तेव्हा थेट काळे बोटच दिसते. म्हणून ‘पाय दुखतात का?’ यापेक्षा ‘गेल्या सहा महिन्यांत पाखाडी चढलात का?’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. मशेरीबद्दलही, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबद्दलही, नाव घेऊनच विचारावे. लावणाऱ्या बाईला ती तंबाखू वाटतेच असे नाही.

तपासणीत घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास धमनीरोग मानतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा मोठा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात.

क्षीण रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर मृत्यू, बुद्धिभ्रम, लांबलेला इस्पितळातला मुक्काम आणि पुन्हा दाखल होणे अधिक दिसते. धमनी मोकळी होते, जखम भरते, तरी माणूस उठून चालेलच असे नाही. उपचार निवडताना हे ध्यानात घ्यावे लागते. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत पायाची स्वतःची चांगली शीर उपलब्ध असलेल्यांत बायपास, म्हणजे ती शीर जोडून बंद धमनीला वळसा देणारी शस्त्रक्रिया, सरस ठरला. २०२३ च्या बेसिल-२ चाचणीत गुडघ्याखालच्या रोगात आधी फुग्याचा उपचार (धमनीत फुगा फुगवून ती आतून मोकळी करणे) केलेल्यांचा निकाल चांगला आला, मुख्यतः मृत्यू कमी झाल्याने. क्षीणता हे उपचार नाकारायचे कारण मात्र नव्हे. तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे सर्वांनाच लागतात. नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. मासळी, अंडी, कुळथाची पिठी ताटात हवी.

पाय कापावाच लागला तर गुडघा वाचणे फार महत्त्वाचे, कारण गुडघ्याच्या वर कापलेल्या पायाला कृत्रिम पाय लावून चालायला कितीतरी अधिक ताकद लागते, आणि तीच क्षीण माणसाकडे नसते. चाकाची खुर्ची जांभ्याच्या पायऱ्या उतरत नाही. रुग्ण परतणार ते घर कुठे आहे आणि तिथे सोबतीला कोण आहे, हे शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही होण्याआधीच विचारावे.