स्नायडर टोबोटचं किट: फेविकॉल लावण्याआधी हे वाचा

‘नाळ (बोटीचं पुढचं तोंड) टोकदार नाही, भाग चुकीचा आलाय.’ स्नायडर या वाफेवर चालणाऱ्या अमेरिकी बोटीच्या आमच्या प्लायच्या मॉडेल किटबद्दल सर्वांत जास्त फोन याचसाठी येतात. भाग बरोबर आहे.

मुंबई बंदरात दोरखंडाने जहाज ओढणारा टग आपल्या नजरेत बसलेला असतो. अमेरिकेतल्या नद्यांवरची टोबोट मात्र मागून ढकलते. कोळशाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, पोलादी तारांनी एकमेकांना आवळायचे, त्यांच्या पाठीला बोटीचं सपाट तोंड लावायचं आणि सगळा ताफा एकसंध हाकायचा. दोरीने ओढले तर बार्ज वळणावर प्रवाहाबरोबर भरकटतात, आणि बोट थांबली तरी ते थांबत नाहीत. ढकलताना बोटीच्या मागचं, पाणी कापणारं वल्ह्यांचं चाक उलटं फिरवलं की सगळ्यांनाच लगाम बसतो.

म्हणून नाळ सपाट, आणि तिच्यावर दोन उभे टेकू. बार्जला टेकतात ते हेच. बरेच जण ते मागे, चाकाजवळ चिकटवतात, नाहीतर नाळच पॉलिश पेपरने घासून टोकदार करतात. वाळलेला जोड सोडवताना प्लाय फाटतो. मग एका टेकूसाठी आम्हाला अख्खी शीट पुन्हा कापावी लागते आणि तुमचं मॉडेल अर्धवट पडून राहतं. त्या शीटचे पैसे आम्ही घेतो. तेव्हा आधी सगळे भाग कोरडेच जुळवून बघा.

दुसरी शंका नावाची. पिट्सबर्गच्या जेम्स रीस कंपनीने ही बोट 1918 साली कार्नेगी स्टीलसाठी बांधली, तेव्हा ती होती ‘डब्ल्यू. एच. क्लिंगरमन’. मोनोंगाहेला नदीवर कोळसा वाहता वाहता ती 1938 मध्ये ‘जे. एल. पेरी’ झाली, 1945 मध्ये ‘ए-1’, आणि त्याच वर्षी क्रूसिबल स्टीलकडे गेल्यावर ‘डब्ल्यू. पी. स्नायडर ज्युनियर’. चारही नावांचे स्टिकर पाकिटात आहेत. जो काळ दाखवायचा, त्याचं नाव लावा.

मोटर का नाही, असंही विचारतात. 1955 पासून ओहायोतल्या मॅरिएटाने ही बोट जपली, 1989 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरली, ती मुख्यतः पोटातल्या वाफेच्या यंत्रांमुळे. त्या जागी मोटर बसवायला आमचं मन होत नाही. बॉयलर, इंजिनं, चाकापर्यंत जाणारे लांब दांडे, सगळं किटमध्ये दिलंय. वरचा मजला कायमचा चिकटवू नका, म्हणजे उचलून आत बघता येईल.

कोळशाच्या बार्जचा जोडसंच वेगळा मिळतो. बार्ज पुढे लावले की सपाट नाळेबद्दल पाहुण्यांना वेगळं समजावावं लागत नाही. किटसोबतच मागवलात तर कुरिअरचा खर्च एकदाच पडेल.