मिचेल यांचे संघीय न्यायाधीशपद (मेन, 1979–80)

जॉर्ज मिचेल हे अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यातले वकील आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे पुढारी. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1979 साली त्यांचे नाव संघीय जिल्हा न्यायालयासाठी पाठवले आणि ऑक्टोबरात सिनेटने संमती दिली. तहहयात टिकणारे हे पद त्यांनी वर्षभराच्या आत सोडले. छोट्या राज्यात वकिली, पक्षकार्य आणि न्यायासन किती लगत असतात, ते या नेमणुकीत फार स्पष्ट दिसते.

संघीय न्यायव्यवस्थेत अख्खे मेन हा एकच जिल्हा आहे. 1980 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या होती सव्वाअकरा लाख. राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यावे आणि सिनेटने संमती द्यावी, असे राज्यघटना सांगते. व्यवहारात जिल्हा न्यायाधीशाचे नाव बहुधा राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा त्या राज्यातला सिनेटर सुचवतो. न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश सुचवायचे, अशी आपल्याकडच्या न्यायवृंदासारखी (कॉलेजियम) पद्धत तिथे नाही.

मेनमधले हे सिनेटर म्हणजे एडमंड मस्की. मिचेल 1962 ते 1965 या काळात त्यांचे सहायक होते. पुढे पोर्टलंडमध्ये वकिली आणि तिच्या जोडीने पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद झाले. 1974 मध्ये ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, पण अपक्ष जेम्स लाँगली यांच्याकडून हरले. 1977 मध्ये ते मेनचे संघीय सरकारी वकील झाले आणि तिथून न्यायासनावर गेले. मस्कींचा पाठिंबा नसता तर हे नाव वॉशिंग्टनपर्यंत पोचणे कठीण होते. तरीही याला नुसता वशिला म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरी सांभाळून जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात ते कायदा शिकले होते आणि न्याय खात्यात मक्तेदारीविरोधी खटल्यांचे कामही त्यांनी केले होते.

न्यायाधीश म्हणून ते बँगोर शहरात बसत. या कामातला सर्वांत मोठा आनंद नवागतांना नागरिकत्वाची शपथ देण्यात होता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यामागे घरचा इतिहास होता: त्यांची आई लेबनॉनहून आलेली, कापड गिरणीत राबणारी, वडील वॉटरव्हिलच्या कोल्बी कॉलेजात सफाई कामगार.

एप्रिल 1980 मध्ये इराणमधील अमेरिकन ओलिसांच्या सुटकेची अमेरिकेची लष्करी मोहीम फसली. तिला विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मस्की आले. मस्कींची रिकामी झालेली सिनेटची जागा गव्हर्नर जोसेफ ब्रेनन यांनी मिचेल यांना देऊ केली. निवडणुकीत एकदा हरलेल्या माणसाने आजन्म सुरक्षित पद सोडून पुन्हा मतदारांपुढे जायचे, हा निर्णय सोपा नव्हता. मिचेल यांनी तो घेतला आणि 1982 मध्ये मतदारांनी त्यांना निवडून दिले. 1989 ते 1995 ते सिनेटमधील बहुमताचे नेते होते. 1994 मध्ये न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांच्या निवृत्तीमुळे सर्वोच्च न्यायालयातली जागा मोकळी होत होती, तेव्हा बिल क्लिंटन यांच्यापुढे पहिले नाव मिचेल यांचे होते. आरोग्यविमा विधेयकाचे काम अर्धवट टाकायचे नाही म्हणून त्यांनी नकार दिला. ती जागा स्टीफन ब्रायर यांना मिळाली.