मंदशक्ती लेसर उपचार (मज्जातंतूंच्या इजेवरील)

दुखावलेल्या परिघीय मज्जातंतूची वाढ लवकर व्हावी म्हणून त्वचेवरून कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त लेसर प्रकाश ठरावीक वेळ सोडण्याचा उपचार. शस्त्रक्रियेतला लेसर ऊती कापतो किंवा जाळतो. इथे ऊती तापूही द्यायची नसते, आणि रुग्णाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. लेसरची शक्ती साधारणपणे ५०० मिलिवॉटच्या आत आणि तरंगलांबी ६०० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असते. या पट्ट्यात रक्तातले हिमोग्लोबिन आणि ऊतीतले पाणी प्रकाश तुलनेने कमी शोषतात, त्यामुळे तो थोडा आत शिरू शकतो. ‘कोल्ड लेसर’ हे याचे बोलण्यातले नाव. संशोधक आता ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात, कारण असेच परिणाम एलईडीच्या प्रकाशानेही दिसतात.

रोजच्या बोलण्यात ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला सारखाच लावतात, त्यामुळे ‘नस दबली’ म्हणजे नेमके काय, हे दरवेळी विचारून घ्यावे लागते. या नोंदीत विषय फक्त मज्जातंतूंचा आहे, तोही मेंदू आणि मेरुरज्जूबाहेरच्या, हातापायांत व चेहऱ्यात पसरलेल्या तंतूंचा.

उपचाराचा उगम एका फसलेल्या प्रयोगात आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला रूबी लेसर चालवून दाखवला. त्याने कर्करोगाच्या गाठी नष्ट करता येतील का, हे लगेचच अमेरिकेत तपासले जाऊ लागले. बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास तोच प्रयोग उंदरांवर करून पाहिला, पण त्यांच्या लेसरची शक्ती फारच कमी होती. गाठींना काही झाले नाही. प्रयोगासाठी भादरलेले केस मात्र प्रकाश पडलेल्या उंदरांच्या अंगावर लवकर उगवले. पुढे त्यांनी हाच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरला, आणि तिथून तो मज्जातंतूंपर्यंत पोहोचला.

प्रकाशाकडून काय अपेक्षा आहे हे समजायला आधी इजा समजून घ्यावी लागते. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये केलेली तीन गटांची विभागणी आजही वापरात आहे; सिडनी सदरलँड यांनी १९५१ मध्ये तिचे पाच पायऱ्यांत बारकावे केले. सेडनच्या पहिल्या गटात तंतू शाबूत असतो, फक्त संदेश अडतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो आपोआप सुरू होतो. दुसऱ्या गटात आतला अक्षतंतू (मज्जापेशीचा संदेश वाहणारा लांब धागा) तुटतो, पण भोवतीची नळी टिकते. तिसऱ्यात सगळेच तुटते, आणि टोके टाके घालून जोडल्याशिवाय सहसा काम होत नाही. दोन टोकांमध्ये मोठे अंतर पडले असेल, तर शरीरातल्याच दुसऱ्या तंतूचा तुकडा मध्ये बसवतात. लेसरचा विचार करायचा तो मुख्यतः दुसऱ्या गटात, आणि तिसऱ्यात शस्त्रक्रियेनंतर पूरक म्हणून. तुटलेली टोके प्रकाशाने जुळत नाहीत. हे ठळकपणे सांगावे लागते, कारण जाहिरातींत ते नेमके गाळलेले असते.

तुटलेल्या जागेपासून पुढचा अक्षतंतू झडून जातो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकांच्या जिभेच्या तंतूंत हे प्रथम दाखवले. मग अक्षतंतूभोवतालच्या श्वान पेशी कामाला लागतात. (हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे, कुत्र्याचा इथे काही संबंध नाही.) या पेशी मोडलेले मायेलिन (अक्षतंतूवरचे स्निग्ध आवरण) साफ करतात आणि रांग धरून उभ्या राहतात, नवा अक्षतंतू त्या रांगेच्या वाटेने पुढे सरकतो. त्याचा वेग माणसात दिवसाला सुमारे १ मिलिमीटर असतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे १८ सेंटीमीटर कापायला साधारण सहा महिने लागतात. दंडात इजा झाली असेल आणि तळहातातले छोटे स्नायू वाट पाहत असतील, तर हिशोब दीड वर्षाच्या पलीकडे जातो. संदेशाविना राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात सुकून तंतुमय होतो, नंतर तंतू पोहोचला तरी उपयोग राहत नाही. म्हणून वेगात पडणारी थोडी भरही इथे मोलाची ठरते.

ही प्रगती डॉक्टर साध्या युक्तीने तपासतात. तंतूच्या वाटेवर बोटाने हलक्या टिचक्या मारत गेले, की एका ठिकाणी रुग्णाला पुढे वीज गेल्यासारख्या झिणझिण्या येतात. वाढत्या अक्षतंतूचे टोक तिथवर आलेले असते. फ्रान्सचे झ्यूल तिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमन या दोघांनी १९१५ मध्ये, महायुद्धातल्या परस्परविरोधी बाजूंना असताना, हे लक्षण स्वतंत्रपणे नोंदवले. दर भेटीला ती जागा टेपने मोजली, की तंतू किती पुढे सरकला ते कळते.

पेशीत प्रकाश नेमके काय करतो, याचे सर्वाधिक मान्य उत्तर तंतुकणिकांकडे (मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जा तयार करणारे भाग) बोट दाखवते. तिथले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) लाल आणि अवरक्त प्रकाश शोषते. रशियन संशोधक टीना कारू यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. या विकराला चिकटून त्याचे काम रोखणारा नायट्रिक ऑक्साइड प्रकाशामुळे सुटतो आणि एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची निर्मिती वाढते, असे मानतात. पुढच्या घडामोडींत श्वान पेशींची वाढ आणि तंतुपोषक प्रथिनांत भर असे बदल प्राण्यांत नोंदले गेले आहेत. सगळ्या परिणामांचे मूळ एका विकरात आहे का, यावर वाद मिटलेला नाही.

बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांचा (रॅट) आहे. त्यांचा मांडीतला सायटिक तंतू चिमट्याने दाबून इजा करतात, काही दिवस प्रकाश देतात आणि मग मागच्या पंजांना शाई लावून अरुंद बोळातून कागदावर चालवतात. निरोगी पंजाचा ठसा आखूड, बोटे फाकलेली. दुखावलेल्या पंजाचा ठसा लांबट आणि मिटलेला. या ठशांवरून निघणारा निर्देशांक शून्याच्या जवळ असला की चाल ठीक, उणे १०० म्हणजे काम पूर्ण बंद. अनेक प्रयोगांत लेसर दिलेल्या उंदरांचे ठसे लवकर सुधारले. पण दाबलेला तंतू उंदरात उपचाराविनाही तीन-चार आठवड्यांत बराचसा सावरतो, म्हणजे इथे मोजला जातो तो फक्त वेग. शिवाय उंदराचा तंतू त्वचेखाली काही मिलिमीटरवर असतो. माणसाच्या नितंबातला तोच तंतू जाड स्नायूंखाली दडलेला, आणि तिथवर पोहोचेतो प्रकाशाचा अगदी थोडा अंश उरतो. उंदरावरून माणसाकडे जाताना ही खोली बहुधा विसरली जाते.

माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. इस्रायलचे शिमोन रोचकाइंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अपूर्ण इजा असलेले १८ रुग्ण होते. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश सलग २१ दिवस, रोज काही तास, तंतूवर आणि मेरुरज्जूच्या संबंधित भागावर दिला गेला. सहा महिन्यांनंतर लेसर गटात स्नायूंची ताकद अधिक सुधारली होती. निकाल आशादायक आहे, पण रुग्ण इतके थोडे की त्यावर धोरण ठरत नाही. शिवाय रोज इतके तास उपचार करून घेणे किती जणांना शक्य आहे? मनगटात तंतू दबण्याच्या कार्पल टनेल विकारावर जास्त चाचण्या झाल्या. तिथे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्याने पुरावा अतिशय कमी दर्जाचा ठरवला.

चाचण्यांची एकमेकींशी तुलना होत नाही याचे मोठे कारण मात्रा. १०० मिलिवॉटचा लेसर ४० सेकंद धरला तर ४ ज्यूल ऊर्जा मिळते. ती १ चौरस सेंटीमीटरवर पसरली तर घनता दर चौरस सेंटीमीटरला ४ ज्यूल, आणि ठिपका त्याच्या दहाव्या हिश्शाचा असला तर ४० ज्यूल. अहवालात ठिपक्याचे माप नसेल तर कोणती मात्रा दिली तेच कळत नाही. त्यातून जास्त प्रकाश म्हणजे जास्त गुण, असेही नाही: एका मर्यादेनंतर परिणाम घटतो, क्वचित उलटतोही.

उपचार करताना डोळ्यांना त्या तरंगलांबीचे गॉगल लागतात, रुग्णालाही आणि थेरपिस्टलाही, कारण अवरक्त किरण दिसत नाही आणि पापणी आपोआप मिटत नाही. कर्करोगाच्या गाठीवर आणि गरोदरपणी पोटावर तो देत नाहीत. ५०० मिलिवॉटपेक्षा अधिक शक्तीची यंत्रेही हल्ली वापरली जातात, ती त्वचा तापवू शकतात. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन प्रकाश जास्त शोषते, तिथे हे लवकर घडते. तंतू दुखावल्याने त्वचा बधिर झालेली असेल, तर भाजत असल्याचे रुग्णाला कळत नाही. अशा वेळी थेरपिस्ट आपला हात मधूनमधून त्या जागी लावून पाहतो.