ट्रायल्स सायकलसाठी फ्लॅट पेडल: वजन कुठे वाचवायचं आणि कुठे नाही

आमच्या दुकानात पेडल घ्यायला येणारे बहुतेक जण आधी वजन विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. ट्रायल्स सायकलला (दगड-कट्ट्यांवरून पाय न टेकता उड्या मारत जायच्या खेळाची सायकल) सीट नसते, असली तरी नावापुरती. रायडर पूर्ण वेळ दोन पेडलांवर उभा असतो. हॉप (जागच्या जागी उडी), साइड-हॉप (बाजूला उडी), गॅप (मधली फट ओलांडणारी उडी), कट्ट्यावरून खाली ड्रॉप, सगळ्याचा मार पेडलला सोसावा लागतो. म्हणून आमचं सांगणं असं: ग्रॅम वाचवायचे तर बॉडीतून (पाय टेकतो तो भाग) वाचवा, एक्सलला (पेडल ज्यावर फिरतं तो दांडा) हात लावू नका.

मार किती बसतो

समजा रायडरचं वजन 70 किलो आहे. तो 90 सेंटिमीटर खाली येऊन मागच्या चाकावर उतरला आणि गुडघे-घोटे वाकवून 30 सेंटिमीटरच्या अंतरात त्याने धक्का जिरवला, तर त्या वेळी पायांखाली सरासरी चौपट वजनाचा, म्हणजे 280 किलोचा भार येतो. दोन्ही पायांत सारखा वाटला गेला तरी प्रत्येक पेडलवर 140 किलो. पाय ताठ राहिले आणि 10 सेंटिमीटरमध्येच थांबावं लागलं, तर हाच भार दहापट होतो. नवशिक्यांची पेडलं लवकर जातात ती उंच उड्यांमुळे नाही, ताठ पायांमुळे.

हा भार क्रँकपासून (पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात) साधारण 5-6 सेंटिमीटर बाहेर पडतो आणि एक्सलला आधार फक्त आतल्या टोकाला असतो. त्यामुळे एक्सल वाकतो किंवा तुटतो तो जवळजवळ नेहमी क्रँकलगत: आटे संपतात तिथे, नाहीतर जाडी कमी होऊन आतलं बेअरिंग बसतं तिथे. जाडी जिथे एकदम बदलते तिथे ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

डब्यावर आयएसओ 4210 (सायकलींच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं असेल तर चांगलंच. पण त्या मानकाच्या व्याप्तीतच लिहिलेलं आहे की अधिकृत स्पर्धा आणि स्टंटसारखा कठोर वापर त्यात धरलेला नाही. तेवढा शिक्का बघून पेडल ट्रायल्सला चालेल असं समजू नका.

एक्सल

क्रोमोली स्टील (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) घ्या. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांसाठी विषय इथेच संपतो. चांगला क्रोमोली एक्सल तुटण्याआधी सहसा वाकतो, आणि वाकलेला ओळखता येतो.

टायटॅनियमची घनता स्टीलच्या सुमारे 57 टक्के असते, त्यामुळे जोडीमागे बरेच ग्रॅम कमी होतात. पण त्याचा ताठपणाही स्टीलच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्याच जाडीचा एक्सल पायाखाली जास्त लवतो. शिवाय टायटॅनियमला ओरखडा सोसत नाही, खोल चरा पडला की तडा जायला जागा मिळते. बऱ्याच कंपन्या अशा पेडलांना रायडरच्या वजनाची मर्यादा घालतात. ती वाचा, आणि उंच ड्रॉप मारत असाल तर त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहा. हलक्या वजनाच्या, स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना टायटॅनियम शोभतं. रोज संध्याकाळी पायऱ्यांवर सराव करणाऱ्या 80 किलोच्या माणसाला आम्ही ते देत नाही, मागितलं तरी आधी दोनदा विचारतो.

बॉडी: खरी निवड इथे आहे

चार प्रकार सांगतो. वजनं जोडीची आणि ढोबळ आहेत. काउंटरवर काटा आहे, डब्यावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता तोलून घ्या.

ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनची जोडी क्रोमोली एक्सलसह 320 ते 400 ग्रॅम भरते. म्हणजे स्वस्त असूनही महागड्या अॅल्युमिनियमच्या जवळपास. दगडावर आपटली की अडकत नाही, घसरून पुढे जाते. गंज नाही. पहिलं पेडल म्हणून आम्ही हेच सुचवतो. मात्र पिना (बूट सटकू नये म्हणून बॉडीवर असलेली टोकं) नायलॉनच्याच, साच्यातून आलेल्या असतील तर घेऊ नका. इकडच्या डोंगरांतला काळा पाषाण त्या पिना खाऊन टाकतो. टोकं आधी गोल होतात, मग नुसते उंचवटे उरतात आणि पावसाच्या पहिल्या सरीत पाय सटकतो. नायलॉनच्या बॉडीत स्टीलच्या पिना, आणि त्याही बदलता येणाऱ्या, असं पेडल मागा.

अॅल्युमिनियमची जोडी 350 ते 450 ग्रॅमची. सीएनसीवर (संगणकावर चालणारं कापायचं यंत्र) कापलेली 6061 (अॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू) बॉडी भरवशाची असते. ओतीव अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण जोरात आपटलं तर कोपऱ्याचा तुकडाच उडतो. ओळखायचं कसं? कापलेल्या बॉडीवर कटरच्या बारीक समांतर रेषा दिसतात. ओतीव बॉडीवर रंगाखाली साच्याची शिवण सापडते, नख फिरवून बघा.

मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलकं आहे (घनता 1.74 विरुद्ध 2.7). क्रोमोली एक्सल ठेवूनही 350-380 ग्रॅमची जोडी मिळते, म्हणून ट्रायल्सवाल्यांचं हे जुनं आवडतं. तैवानच्या वेलगोची एमजी-1 पेडलं याच जातीची. अडचण एकच, आणि आपल्या भागात ती मोठी आहे: खाऱ्या दमट हवेत मॅग्नेशियमला स्टील टेकलेलं असलं की मॅग्नेशियम झिजतं. ऐरोली, वाशी, बेलापूरला खाडीलगतच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगमध्ये सायकल उभी असेल, तर पिनांच्या मुळाशी पांढरी भुकटी धरायला लागते. मग पिन निघत नाही, जोर केला तर बॉडीतले आटे घेऊन बाहेर येते. मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर पहिल्याच दिवशी एकेक पिन काढून आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, आणि सायकल घरात ठेवा.

चौथा प्रकार केजचा. मधे बारीक बॉडी आणि भोवती दातेरी अॅल्युमिनियमची पट्टी. ट्रायल्समध्ये हा बराच चालतो, कारण दाते सोलमध्ये घट्ट रुततात आणि मधे मोकळी जागा असल्यामुळे चिखल साचत नाही. पट्टी वाकली तर काही मॉडेलांत नुसती पट्टी बदलता येते. घेण्याआधी सुटी पट्टी मिळते का ते विचारा. केजचे स्क्रू ढिले होतात, दर आठवड्याला अॅलन की (षटकोनी चावी) फिरवा. आणि शिन गार्डशिवाय केज पेडल वापरू नका. फुटबॉलचे चालतात. हे दाते नडगीवर फार वाईट उतरतात.

आकार आणि पिना

एन्ड्युरोवाल्यांना (डोंगरवाटांवर लांब शर्यती करणाऱ्यांना) आवडणारं 110-115 मिमी रुंद पेडल ट्रायल्सला नडतं. दगडांच्या खाचेत किंवा कट्ट्याच्या कडेला त्याचा कोपरा आधी टेकतो. 6-7 नंबरच्या बुटाला 95 मिमीच्या आसपास, 9 च्या पुढे 100-105 मिमी पुरे होतं. जाडी 12 ते 17 मिमी. फार पातळ पेडलात आत बेअरिंगला जागा उरत नाही, त्यामुळे फक्त बारीक दिसतंय म्हणून भुलू नका.

पिना बहुधा एम3 किंवा एम4 मापाचे (3 किंवा 4 मिमी जाडीचे) बारीक स्क्रू असतात. खालून बसणाऱ्या पिना घ्या. वरून बसणाऱ्या पिनेचं अॅलनचं भोक दगडावर घासून बुजतं आणि ती मग कायमची तिथेच राहते. खालून बसणारीचं डोकं झाकलेलं असतं, ती वाकली तरी उलट्या बाजूने फिरवून निघते. पुढच्या आणि मागच्या कडेला 4-5 मिमी, मधे 2-3 मिमी ठेवली की पाऊल खोलगट जागेत बसल्यासारखं राहतं. बॉडी सपाट असली तरी चालतं. पातळ सोलचे कॅनव्हासचे बूट घालत असाल तर 5 मिमी पिना तळव्याला टोचतील. धातूच्या बॉडीत पिनेला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), फक्त एक थेंब. नायलॉनला नको, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

बेअरिंग

साध्या पेडलात सुटे छर्रे आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता तुकडा) असतात. सततच्या आपटण्याने कोनाला खड्डे पडतात आणि पेडल दाणेदार फिरतं. आतल्या बाजूला बुश (छर्रे नसलेली गुळगुळीत नळी) आणि बाहेरच्या टोकाला सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग, ही जोडी ट्रायल्सला सगळ्यात योग्य. बुश कमी जागा घेतं, म्हणून तिथे एक्सल जाड ठेवता येतो. नवीन असताना ते थोडं घट्ट फिरतं. तो दोष नाही. ट्रायल्समध्ये पेडल भिरभिर फिरण्याचा तोटाच जास्त, कारण पाय क्षणभर उचलला की पेडल उलटं होऊन बसतं.

बसवताना

आट्याचं माप आधी. तीन तुकड्यांच्या क्रँकला 9/16 इंच, एका सलग दांड्याच्या क्रँकला (लहान मुलांच्या काही सायकलींत असते) 1/2 इंच. दोन्हीला इंचात 20 आटे. व्हर्नियरवर (जाडी मोजायचं साधन) पहिलं साधारण 14.2 मिमी दाखवतं, दुसरं 12.6. मुलाच्या सायकलसाठी येणाऱ्या पालकांनी हे घरीच मोजून यावं, फेरी वाचेल.

एक्सलवर आर आणि एल कोरलेलं असतं. डाव्या पेडलला उलटा आटा असतो. पेडल मारताना एक्सलवरचा दाब गोल फिरत राहतो आणि आट्यातल्या बारीकशा फटीमुळे एक्सल हळूहळू सरकतो; तो घट्ट होण्याच्या दिशेने सरकावा म्हणून ही सोय. अदलाबदल झाली तर पेडल एक-दीड आटा जाऊन अडकतं. तिथे थांबा. तिथेच लोक पाना लावून जोर करतात, स्टीलचा एक्सल अॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये स्वतःचा नवा आटा पाडत आत जातो, आणि पहिल्या ड्रॉपला पेडल क्रँकच्या आट्यांसकट हातात येतं.

क्रम असा: क्रँकचे आटे कापडाने पुसा. एक्सलवर ग्रीस लावा. टायटॅनियम असेल तर अँटी-सीझ (आटे धरू न देणारा लेप), नाहीतर ते अॅल्युमिनियममध्ये धरून बसतं. किमान चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरवा. मग 15 मिमीचा पातळ पेडल पाना, किंवा मागून 6 अथवा 8 मिमीची अॅलन की. घट्टपणा 35 ते 40 न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर 20 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला 18 ते 20 किलो टांगल्याइतका जोर, असा अंदाज ठेवा. पहिल्या सरावानंतर परत एकदा तपासा. ढिलं राहिलेलं पेडल आट्यांना कुटत राहतं आणि भोक लंबगोल होतं.

काढताना डावं-उजवं लक्षात ठेवायची गरज नाही. पाना पेडलवर उभा, दांडा वर करून लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच लागू, अॅलन कीलाही.

क्रँकचे आटे गेलेच, तर वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत आटे पाडून इन्सर्ट (आत नवे आटे असलेली धातूची नळी) बसवून देणारे कारागीर मिळतात. काम नीट झालं तर शिकाऊ वापराला पुरतं. मोठ्या ड्रॉपसाठी मात्र क्रँकच बदला. वाकलेला एक्सल प्रेसवर सरळ करून आणू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी.

पावसाळा आणि तपासणी

जून ते सप्टेंबर दर तीन-चार आठवड्यांनी पेडल उघडा. टोकाची टोपी काढा, सॉकेटने नट सोडवा, बॉडी एक्सलवरून ओढून घ्या. जुनं ग्रीस पुसून बुशमध्ये पाण्यात न धुपणारं ग्रीस भरा. नट इतकाच आवळा की पेडल हललं नाही पाहिजे आणि अडकलंही नाही पाहिजे. खोबरेल तेल किंवा जुनं इंजिन ऑइल घालू नका. ते वाहून जातं, वर धूळ ओढून घेतं. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाचा फवारा पेडलच्या टोकावर थेट मारू नका, सीलमधून पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं.

एक्सल वाकला का, हे बघायला पेडल क्रँकवरून काढा, बॉडी एका हातात घट्ट धरा आणि आट्यांचं टोक बोटांनी हळू फिरवा. टोक एकाच जागी फिरलं तर ठीक. त्याने छोटं वर्तुळ काढलं तर एक्सल वाकलाय. त्यावर पुन्हा उडी नको. क्रँकलगतचा खांदा पुसून उजेडात बघा, नखाला अडकणारी बारीक रेघ दिसली तरी तोच निर्णय. बॉडी क्रँकवर असताना वर-खाली हलत असेल तर बुश गेलंय. ते बहुतेक मॉडेलांत स्वस्तात बदलून मिळतं, सगळं पेडल टाकायची गरज नाही.

दुकानात येताना नेहमीचे बूट घालून या आणि जमलं तर क्रँक किंवा सायकलच आणा. स्टँडवर पेडल लावून उभं राहून बघता येतं. स्वतःचं वजन आणि नेहमीच्या ड्रॉपची उंची अंदाजे सांगितली तरी आम्हाला पुरते. जुनं पेडल टाकून देऊ नका, सोबत आणा; त्याच्या पिना कुठल्या बाजूला झिजल्यात त्यावरून तुमचा पाय कुठे पडतो ते कळतं आणि नव्यात पिनांची उंची तशी लावून देतो.