आधी मुळं बघा

मे महिन्याच्या शेवटी कोकणात गेलात, तर एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब तुरे लोंबताना दिसतील. ही सीतेची वेणी, शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथल्या मुली बिहू नाचताना ती केसांत माळतात आणि राज्यफुलाचा मानही तिलाच आहे. आपल्याकडे मात्र तिला बांडगूळ समजून कोयता चालवणारे अजून भेटतात. बांडगूळ झाडाच्या खोडात शिरून त्याचा रस ओढतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, फांदीवर फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं. खत म्हणाल तर सालीच्या खाचेत कुजलेला पाला आणि पाखरांची विष्ठा. या भाडेकरूकडून झाडाचं काहीच जात नाही.

घरी पहिलं ऑर्किड आणताना ही फांदी डोळ्यांसमोर हवी. माझ्या नव्हती. एका रोपवाटिकेतून फुललेली फॅलेनॉप्सिस आणली आणि तुळशीला घालतात तसं रोज सकाळी पाणी घालत गेलो. महिन्याभरात पानं सुरकुतली. तहानलं असेल म्हणून पाणी वाढवलं. शेवटी उपटून बघितलं, तर मुळांच्या जागी तपकिरी, लिबलिबीत दोरे आणि मधोमध चिंब शेवाळाचा एक गोळा. लहान रोप त्या शेवाळात वाढवलेलं होतं, आणि बाहेरून ते दिसत नव्हतं. गंमत म्हणजे रोप खरंच तहानलेलं होतं. पाणी भरपूर होतं, ते पिणारी मुळंच सडली होती.

ऑर्किडच्या हवेतल्या मुळावर मृत, पोकळ पेशींचं एक पांढुरकं आवरण असतं. त्याला व्हेलॅमेन म्हणतात. फांदीवरून पावसाचं पाणी वाहून जायला वेळ लागत नाही, म्हणून हे आवरण स्पंजासारखं झटकन पाणी शोषून धरतं आणि आतल्या जिवंत पेशींना हळूहळू पुरवतं. भिजलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं; वाळलं की पुन्हा चंदेरी. पाणी कधी घालायचं, हे वेळापत्रक नाही सांगत, हा रंग सांगतो. मुळं हिरवी असतील तर थांबा, चंदेरी झाली की घाला. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीचा खरा फायदा हाच. व्हेलॅमेन सतत ओलं राहिलं, तर आतल्या पेशींना हवा मिळत नाही आणि सड लागते. म्हणून कुंडीत माती नकोच. कोळसा, विटांचे किंवा कौलांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जे सहज मिळेल ते. सोडणात क्षार असतात, तेव्हा दोन-तीनदा पाणी बदलून भिजत ठेवा, मग वापरा.

ही चूक करणारा मी पहिला नव्हे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये श्रीमंतांनी जगभरातून ऑर्किडं गोळा केली आणि तापलेल्या, कोंदट काचघरांत मारून टाकली. उष्ण प्रदेशातलं झाड म्हणजे त्याला उकाडा आणि दमटपणा हवा, एवढाच हिशेब. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या जोसेफ हूकर यांनी स्वतःच्याच देशाला, इंग्लंडला, ऑर्किडांचं कबरस्तान म्हटलं ते यामुळेच. तिथल्याच चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या माळ्याला थेट आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत पाठवलं. त्याने आणलेली रोपं काचघरात ठेवताना पॅक्स्टनने खेळत्या हवेची सोय केली, आणि सगळ्या जाती एकाच तापमानात डांबल्या नाहीत.

जातींतला हा फरक नवशिक्याला फार उपयोगी पडतो. फॅलेनॉप्सिस ही आग्नेय आशियातल्या जंगलांतली, दाट पानांच्या सावलीत वाढणारी. तिला खिडकीजवळचा उजेड पुरतो, थेट ऊन चालत नाही. जंगलात ती फांदीवर तिरकी लोंबते, त्यामुळे पानांच्या पोंग्यात पाणी साचत नाही. आपण तिला कुंडीत सरळ उभी करतो आणि वरून पाणी ओततो. पोंगा कुजला की रोप गेलंच. आणखी एक गोष्ट. दिवसरात्र पारा २८ अंशांच्या वर असेल, तर हिला फुलांचा दांडा फुटत नाही. काही आठवडे २५ च्या खाली राहिला की फुटतो. मुंबईत एप्रिलमध्ये कळीची वाट पाहणाऱ्यांनी म्हणूनच स्वतःला दोष देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत रोप रात्री उघड्या खिडकीत ठेवावं.

किनारपट्टीवर राहत असाल, तर माझं मत विचाराल तर सुरुवात डेंड्रोबियमने करा. लग्नमंडपात जांभळी-पांढरी फुलं दिसतात ना, ती बहुतेक डेंड्रोबियमचीच ‘सोनिया’ ही जात. उकाडा आणि दमट हवा तिला मानवते, सकाळचं ऊन तर हवंच. पान गर्द हिरवं असेल तर उजेड कमी पडतोय, पिवळट झालं तर जास्त होतोय. पानं गळालेल्या जुन्या कांड्या मात्र कापू नका. नव्या कोंबाची शिदोरी त्यांतच असते.

व्हँडा हा हवेतल्या जगण्याचा कळस. टांगलेल्या टोपलीत नुसती मुळं, बाकी काही नाही. रोज सकाळी ती बादलीत बुडवावी लागतात, आणि पुण्याच्या कोरड्या एप्रिलात दोनदा. रोज बादली घेऊन उभं राहायची तयारी नसेल, तर मोहात पडू नये. सिंबिडियम तर सरळ विसरा. सिक्कीमच्या थंड रात्रींत ते फुलतं, ठाण्याच्या गॅलरीत वर्षानुवर्षं गवतासारखं नुसतं वाढत राहतं. कोकण-गोव्याच्या अंगणातली स्पॅथोग्लॉटिस मात्र चक्क मातीत लागते, आणि फारसं काही मागतही नाही.

पाणी सकाळीच घालावं, म्हणजे रात्रीपर्यंत पोंगा वाळतो. जाड पानांची बरीच ऑर्किडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात; उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून निवडुंगही हेच करतो. रात्री पोंग्यात पाणी नको, आणि एसीचा कोरडा झोतही नको. खत अगदी पातळ. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), तेही नवी मुळं फुटत असतील तेव्हाच. दाट खत घातलं की मुळांची टोकं काळी पडतात.

ऑर्किड आज परवडतं, त्यामागे एक जुना शोध आहे. त्याचं बी धुळीसारखं, आत अन्नसाठा जवळपास शून्य. जंगलात विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, ते रुजवून दाखवलं. रानातून ओरबाडून आणलेलं रोप घेण्याची गरज तेव्हाच संपली. आणि रानातलं रोप आपल्या कुंडीत बहुधा जगतही नाही.

सह्याद्रीत मात्र फेब्रुवारीत जरूर जा. डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या कांड्या तेव्हा निष्पर्ण असतात, वाळक्या काटक्यांसारख्या, आणि त्याच काटक्यांवर पांढरी फुलं आलेली असतात. थंडीत पाणी तोडलं की फुलणाऱ्या काही जाती असतात, त्यांतलीच ही एक. माझ्या गॅलरीत अशा जातीची एक कुंडी आहे. दिवाळीनंतर मी तिला जवळजवळ पाणी घालत नाही, आणि कामाला येणाऱ्या मावशी दर आठवड्याला विचारतात, “दादा, ही मेलेली काढून टाकू का?”