लिंकन यांनी न लिहिलेले पत्र आणि त्यांनी लिहिलेली पत्रे

महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीच्या भिंतीवर एक पत्र चौकट करून लावलेले असते. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र म्हणून ते ओळखले जाते. वसंत बापट यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांत पोचले आणि शिक्षकदिनाच्या भाषणांत त्यातील ओळी आजही हमखास ऐकू येतात. परंतु हे पत्र लिंकन यांचे असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांची पत्रे, भाषणे आणि टिपणे यांचे जे संकलन १९५३ साली अनेक खंडांत प्रसिद्ध झाले, त्यात ते नाही. त्याचे हस्तलिखित सापडलेले नाही, त्यावर तारीख नाही, आणि ज्या हेडमास्तरांना ते लिहिले त्यांचे नाव तर कोणालाच सांगता येत नाही.

पत्र राष्ट्राध्यक्षांनी लिहिले असे मानावे, तर घरची परिस्थितीही त्याच्याशी जुळत नाही. मार्च १८६१ मध्ये लिंकन यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा थोरला रॉबर्ट हार्वर्डमध्ये शिकत होता, तर विली आणि टॅड या धाकट्यांना शिकवायला शिक्षक व्हाइट हाउसमध्येच येत असत. फेब्रुवारी १८६२ मध्ये विली आजारपणात दगावला. उरला टॅड. त्याने खुर्चीला शेळ्या जुंपून ती भर पाहुण्यांतून ईस्ट रूममध्ये पळवल्याची हकीकत अमेरिकेत आजही हसत हसत सांगितली जाते. अभ्यासात त्याचे मन रमत नसे आणि वडिलांनीही त्याच्यामागे कधी तगादा लावला नाही. तो नियमित शाळेत जाऊ लागला तो वडिलांच्या हत्येनंतर, शिकागोमध्ये. ‘माझ्या मुलाला अमुक शिकवा, तमुक शिकवा’ अशी लांबलचक यादी हेडमास्तरांकडे पाठवणारा बाप या घरात शोधूनही सापडत नाही.

भिंतीवरचे पत्र आणि खरी पत्रे शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. फुकट मिळालेल्या पाच डॉलरांपेक्षा कष्टाने मिळवलेला एक डॉलर मोलाचा असतो हे मुलाला शिकवा, असे भिंतीवरच्या पत्रात आहे. विचार चांगला आहे, पण तो कोणीही कोणालाही सांगू शकेल. लिंकन यांनी याच विषयावर खरोखर पत्र लिहिले ते १८४८ च्या डिसेंबरात, सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन याला. जॉन्स्टनने ऐंशी डॉलर उसने मागितले होते आणि एवढ्या रकमेसाठी आपण स्वर्गातली जागाही जवळजवळ देऊन टाकू, असे तो म्हणाला होता. लिंकन यांनी पैसे दिले नाहीत. तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस, असे त्याला तोंडावर सांगून त्यांनी एक व्यवहार पुढे ठेवला: आजपासून एक मेपर्यंत तू मजुरी करून जेवढे डॉलर मिळवशील, तेवढेच आणखी मी माझ्या पदरचे देईन. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणी गाठायची गरज नाही, घराजवळच चांगल्या मजुरीचे काम धर, हेही त्यांनी बजावले. आणि स्वर्गातल्या जागेबद्दल? चार-पाच महिन्यांच्या कामात जी रक्कम सहज उभी राहील तिच्यासाठी तू ती जागा द्यायला निघालास, म्हणजे तिची किंमत फारच कमी धरलीस, असा त्यांचा शेरा होता. सुभाषितांच्या माळेत हा मिस्कील, हिशेबी आणि तरीही मायाळू माणूस कुठेच दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे खरे पत्र २२ जुलै १८६० चे, स्प्रिंगफील्डहून लिहिलेले. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम याला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला नव्हता. लिंकन तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि तरी मुलाच्या पत्रातून ही बातमी कळताच दुसऱ्याच दिवशी त्यांनी जॉर्जला लिहायला घेतले. आयुष्यात याहून मोठे दुःख मला क्वचितच झाले असेल, अशी त्यांनी सुरुवात केली. अपयशाने खचू नकोस, एकदा प्रयत्न सुरू केलास तर यश मिळवलेच पाहिजेस, आणि ज्यांना सहज प्रवेश मिळाला त्यांच्यातल्या अनेकांपेक्षा तू पुढे चांगला विद्यार्थी ठरणार नाहीस असे या अपयशावरून मुळीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी लिहिले. हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे सगळे शालेय शिक्षण एकत्र केले तरी एक वर्षही भरत नव्हते.

भिंतीवरच्या पत्रात बाप हेडमास्तरांना सूचना देतो. या पत्रात लिंकन मुलालाच संस्थेच्या प्रमुखांकडे पाठवतात: हार्वर्डचे अध्यक्ष सहृदयच असणार, ते तुला भेट देतील आणि वाटेतली अडचण दूर करण्याचा सर्वांत सोपा मार्ग दाखवतील, तेव्हा त्यांना जाऊन भेट. सही करताना त्यांनी स्वतःला जॉर्जचा मित्र म्हटले आहे.